नानांनी कापलेली धायटी

आमच्या मेढ्याच्या डोंगरात धायटीची झुडपं उगवतात. फुलली की अख्खी फांदी लालभडक! त्या फुलांचा कापडाला रंग होतो, वैद्य ती औषधाला नेतात आणि आम्ही पोरं त्यातला मध चोखतो. तिचं धुळीसारखं बारीक बी मी वाळूत कालवून पेरलं, रोपं जगवली आणि अंगणाच्या कडेनं लावली. यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या. विज्ञान प्रदर्शनात मी त्या फुलांनी ओढणी रंगवणार होते.

आणि लालानाना! माझे चुलते, फौजेतून रिटायर झालेले. सव्वीस जानेवारी जवळ आली की त्यांना सगळं सरळ रेषेत लागतं. मी शाळेतून आले तर नाना दोरी ताणून, कात्रीनं धायटी सपाट करत होते! पलीकडची अर्धी रांग कापून झालेली, तिच्या कळ्या मातीत.

“आवं नाना, काय केलंत हे?”

“लय वाकडीतिकडी वाढलेली. आता बघ, परेडला उभी हाय!”

“झुडूप हाय ते, शिपाई न्हाई!” मी कात्री हिसकावली, माझ्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. मोठ्या माणसावर ओरडायची माझी पहिलीच वेळ. लय बरं वाटलं.

फेब्रुवारीत उरलेली धायटी पेटल्यासारखी फुलली. नानांचे फौजी मित्र आले, तर नाना नेमके तिच्याच पुढं फोटोला उभे! “आमच्या रेश्मानं लावलीय,” म्हणे.

फुलं कमी पडल्यानं अर्धीच रंगलेली ओढणी मी सगळ्यांसमोर झटकली.

“आणि पलीकडची कुणी कापली, तेबी सांगा की!”