गोळी, कॅप्सूल आणि रमीचा डाव

तपासनीसांचं आयुष्य लोकांची तिकिटं तपासण्यात गेलं. ते निवृत्त झाले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेल्यावर, मेंदूत पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "जन्मभर? मग भलं कोणाचं होणार, माझं की तुमचं?"

बायकोने कपाळाला हात लावला. पण घरी आल्यावर मात्र तपासनीसांनी हायच खाल्ली. संध्याकाळी रमी खेळताना साधी जुळणीही सुचेना. तिला भरून यायचं. मग स्वतःचा डाव लागला तरी ती गप्प बसायची आणि हसत हसत त्यांना जिंकू द्यायची.

अशात तिच्या धाकट्या भावाने जडीबुटीच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. मेंदूला कवच मिळतं म्हणे. मेव्हण्यावर तपासनीसांचा काडीचा विश्वास नव्हता, तरी तपासून बघू म्हणून त्यांनी त्या कॅप्सूल सुरू केल्या.

एका संध्याकाळी डाव जिंकून ते ऐटीत म्हणाले, "गोळी मी कधीच बंद केली. दोन्ही तपासून पाहिल्या ना. गोळीने काय झालं? काही नाही. या कॅप्सूलने बघ, रोज तुला हरवतोय."

तिने हातातली पानं खाली ठेवली.

"अहो, काही न होणं हेच त्या गोळीचं काम. आणि तुम्ही जिंकता ते मी मुद्दाम हरते म्हणून."

विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं. "डॉक्टरने पढवलंय तुला."

"वाटा पानं."

त्या संध्याकाळी ती दयामाया न ठेवता खेळली. एकही डाव सोडला नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला, तिचा जीव तुटत होता, तरी ती थांबली नाही.

"पहिल्यापासून मुद्दाम हरत होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते उठले, गोळी घेतली, वर पाणी प्यायले.

गोळी पुन्हा सुरू झाली, बाटली भावाकडे परत गेली. हळूहळू तपासनीस सावरले. पुढे एकदा, ती अगदी जीव तोडून खेळत असताना, त्यांनी चोख डाव लावला.

"जिंकलात हो," ती म्हणाली. तिला हसू आवरेना.

त्यांनी तिच्या हातातली पानं मागून घेतली आणि एकेक तपासलं.

"मुद्दाम हरलीस ना?"

"नाही हो. शपथ घेते."

"तेव्हाही तू अशीच हसायचीस," ते म्हणाले.