न आंबणारं दूध

"हात लावू नका, नुसतं बघा! परवाचं दूध आहे!"

भगव्या कफनीतल्या बाबाने बाटली उंच धरली आणि गोठ्यासमोर जमलेल्या माणसांच्या माना वर झाल्या. ऐन उन्हाळा. आमच्याकडे सकाळचं दूध दुपारी नासतं, आणि या पठ्ठ्याचं दूध दोन दिवस उघड्यावर राहून जसंच्या तसं! आंबट वास म्हणून नाही.

"दूध नासतं ते माणसाच्या मनातल्या विषाने," बाबा सांगत होता. "माझ्या गायींचं धारोष्ण दूध प्या, पोटातलं सगळं शुद्ध होईल. आणि उकळायचं नाही हं! अमृत कुणी चुलीवर ठेवतं का?"

एरवी भाजीच्या जुडीवरून अर्धा तास घासाघीस करणारी माणसं इथे ब्र काढत नव्हती. अगदी पुढे माझी थोरली बहीण, चार वर्षांच्या चिमीला हाताशी धरून. चिमी पहिल्यापासून अशक्त, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. औषधं झाली, टॉनिकं झाली, आता हे.

"ताई, मी जनावरांची डॉक्टर आहे, माझं एवढं ऐक. कच्चं दूध नको देऊस तिला."

"तू जनावरांचं बघ," ताई म्हणाली. "माझी पोर माणसात मोडते."

बरं, म्हटलं, जनावरांचंच बघू. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी गोठ्यात गेले. बाबा एका ओल्या फडक्याने पहिल्या गायीची कास पुसत होता. मग तेच फडकं दुसरीला, तेच तिसरीला. शेणाने नुसतं बरबटलेलं! आणि भक्तमंडळी त्या फडक्याला कपाळ टेकवायला धडपडत होती. एका गायीला दगडी झाली, म्हणजे कासेत जंतू शिरून ती सुजली, की असलं फडकं तो रोग गोठाभर वाटत सुटतं. इथे तर जवळजवळ प्रत्येक कास सुजलेली होती. मागे उकिरड्यावर मला अमृताचा झराही सापडला: सडात सोडायच्या औषधाच्या रिकाम्या ट्यूबांचा ढीग. या औषधाचा साधा नियम असतो. ते चालू असेतोवर, आणि नंतरही काही दिवस, गायीचं दूध ओतून द्यायचं. बाबाही ओतत होता की, बाटल्यांत!

मग मी गोठ्यासमोर भर अंगणात दोन पातेली मांडली. एकात माझ्या घरचं दूध, दुसऱ्यात बाबाचं. दोन्ही तापवून कोमट केली आणि दोन्हींत सारखंच विरजण घातलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर झाकणं काढली. माझ्या पातेल्यात घट्ट दही. बाबाच्या पातेल्यात दूधच.

"बघा!" मी म्हणाले. "दूध आंबवणारे, दही लावणारे जंतू गायीला दिलेल्या औषधाने मरतात. म्हणून हे आंबत नाही. पण शेणातले काही जंतू या औषधाला भीक घालत नाहीत. ते दुधात जिवंत राहतात. आंबट वास आला असता तर तुम्ही दूध फेकलं असतं, आता तोही येत नाही!"

माणसं वाकून वाकून दोन्ही पातेल्यांत बघू लागली. जिंकले, असं वाटलं मला. तेवढ्यात मागून शिंपीणबाई किंचाळली, "अगं बाई! विरजणाचंसुद्धा काही चाललं नाही याच्यापुढे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीने परीक्षा घेतली. कल्याण हो तिचं." मी कपाळावर हात मारून घेतला, दुसरं काय करणार?

पुढच्याच आठवड्यात चिमीला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पोटातलं विष बाहेर पडतंय म्हणून ताई तेच दूध पाजत राहिली. दवाखान्यात आणलं तेव्हा पोरीची लघवी बंद झाली होती. शेणातलाच जंतू निघाला. त्याने मूत्रपिंडं निकामी केली होती. डॉक्टरांनी शर्थ केली. चिमी गेली. तिला शेवटचं पाहिलं ते मला सांगवत नाही.

वॉर्डाबाहेर ताई चिमीच्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू त्या दुधाची परीक्षा घेतलीस. नाट लावलीस. म्हणून गेली माझी पोर."

तेव्हापासून जो भेटेल त्याला मी एकच सांगते, तुम्हालाही सांगते. बाबाला माना, मला शिव्या घाला, पण दूध उकळा. प्रत्येक गायीची कास वेगळ्या, स्वच्छ फडक्याने पुसा. औषध चालू असलेल्या गायीचं दूध ओतून द्या, कारण औषध उकळून जात नाही. आणि दूध नासत नसेल तर हात जोडण्याआधी विचारा, का नासत नाही?

काल हेच सगळं ताईच्या दारात उभी राहून तिला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "मग सर बाजूला. धाकट्याच्या दुधाची वेळ झालीय."