न केलेल्या तक्रारी

तक्रार न करणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. गरीब गाईसारखं सोसत बसतात आणि निस्तरायची वेळ आमच्यावर येते.

आमची कंपनी प्रोग्रॅमिंगची एक भाषा विकते. ती दोन नावाजलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते आणि तिसऱ्या एकीवर, जी हल्ली कुणी विचारत नाही. त्या तिसरीचं सगळं मी बघते. ऑफिसात मला ‘सावत्र लेकराची आई’ म्हणतात. म्हणू देत. लेकरू तर सांभाळलंय ना मी!

साहेबांचा नियम असा, की वर्षभर ज्या सिस्टीमवरून एकही तक्रार आली नाही, ती कुणी वापरतच नाही असं धरायचं आणि गुंडाळायची. यंदा माझ्या लेकराची पाळी आली. महिनाअखेरीला बंद, अशी मेल सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना गेली. उत्तर आलं एकाचंच. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर होते. ‘आपल्यामुळे माझी पत्नी आजवर बोलू शकली. मनापासून आभार.’

आजवर म्हणजे? मी तडक फोन लावला.

अर्धांगवायूनं त्यांच्या बायकोची वाचा गेली होती. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. बोटानं बटण दाबायचं, पडद्यावरचे शब्द निवडायचे, मशीन ते मोठ्यानं म्हणणार. हा प्रोग्रॅम मास्तरांनी पुस्तकं वाचून आमच्या भाषेत लिहिला होता, आणि ते बटण चालायचं फक्त त्या तिसऱ्या सिस्टीमवर. आता मशीन म्हातारं झालं होतं. नव्यावर आमची जुनी आवृत्ती चढेना, आणि नवी तर आम्ही काढणारच नव्हतो.

“चालेल तोवर बोलेल ती,” मास्तर शांतपणे म्हणाले.

“आणि मग? काका, इतक्या दिवसांत काहीच अडलं नाही तुमचं?”

“अडलं की! जोडाक्षरं तुटायची. मधेच बंद पडायचं. मीच ठाकठोक करून घेतलं. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास?”

“अहो, त्रास घ्यायचाच पगार मिळतो मला! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आजच्या आज तक्रार लिहा.”

त्यांनी लिहिली. ‘आपले उत्पादन सर्वांगसुंदर आहे. किंचित...’ मी कपाळावर हात मारला. परत फोन केला. “काका, ही तक्रार आहे की मानपत्र?”

तेवढ्यात फोनमधून एक सपाट, खणखणीत आवाज आला. “सरका बाजूला. मी लिहिते.”

मग काय विचारता! एका बोटानं बाईंनी आमची सालटी काढायला घेतली. ‘शब्द सापडेपर्यंत भांडणाचा विषय बदलतो. मशीन मंद आहे की तुम्ही?’ ‘रागाच्या भरात मशीन बंद पडतं. अर्ध्या रागाचं मी काय करू?’ रोज दोन-तीन यायच्या. मी हसत हसत सोडवायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायची.

“कोण गं ही बाई?” साहेब हसले, पण मान हलवलीच. “एका गिऱ्हाइकासाठी नवी आवृत्ती? नाही परवडत.”

शेवटची तक्रार मी त्यांच्यासमोरच उघडली.

‘आवाज लहान होत नाही. बटण दाबलं तरी तेवढाच. दिवे मालवल्यावर नवऱ्याशी बोलायचं, तर साऱ्या जिन्याला ऐकू जातं. ह्यांना सांगितलं तर उठून स्पीकरवर कमी करतील. पण आधी आवाज कमी करून घेऊन कुणी कानात बोलतं का? दोन वर्षं झाली, तसलं काही बोललेच नाही.’

साहेबांनी चष्मा काढला. मला तर रडूच कोसळलं. मास्तरांनी सगळं ठाकठोक केलं होतं, हे सोडून. हे तिनं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

“चूक आपली?” साहेबांनी विचारलं.

“आपलीच. आवाजाचा हुकूम त्या सिस्टीमवर पोचतच नाही.”

“मग कर दुरुस्त. नव्या आवृत्तीतच कर. तक्रार उघडी असताना बंद कसं करणार? नियम म्हणजे नियम.”

नवी आवृत्ती मास्तरांकडे गेली. गिऱ्हाइकानं ‘झालं’ म्हटल्याशिवाय तक्रार मिटवता येत नाही, म्हणून आठवड्यानं मीच फोन केला.

“काका, नव्या मशीनवर होतो का आवाज लहान?”

“होतो,” मास्तर म्हणाले.

“मग मिटवू तक्रार?”

“थांबा, तिला विचारतो.”

मी फोन कानाशी घट्ट धरला. बटणाची टकटक ऐकू आली. पण मशीनचं एक अक्षरही माझ्यापर्यंत आलं नाही. मग मास्तर नाक ओढत हसले.

“ती म्हणते, दोन वर्षांचं साठलंय. एवढ्यात मिटवू नका.”