बायजाने ओळखलेला खड्डा

मित्रांनो, मी एक जुना मातीचा घडा आहे. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या एका कुंभाराने मला घडवलं. ज्या घरी मी गेलो, तिथल्या बाईने माझ्यात बियाण्याचं भात भरलं. पुढे गावावर हल्ला होणार अशी आवई उठली. तिने घाईघाईने अंगणात खोल खड्डा खणला, मला आत उतरवलं, तोंडावर फरशी ठेवली आणि वर माती लोटली. ती परत आलीच नाही.

तीनशे वर्षं मी तिथे कोंडलेला होतो. भात कुजलं. नारळाच्या मुळांनी माझ्या गळ्याला विळखा घातला. वरून माणसं चालत जायची, पण मला हाक मारता येत नव्हती.

१९५८ साली, त्या अंगणाच्या जागी झालेल्या नारळाच्या वाडीत उत्खनन सुरू झालं. शिवदास नावाचे तरुण अधिकारी ते काम पाहत. ते माती थराथराने खरवडून काढत आणि प्रत्येक थरातल्या खापऱ्या वेगळ्या थैलीत ठेवत. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे त्यांचं साधं शास्त्र.

एका दुपारी कामावरच्या बायजाची कुदळ फरशीला लागली. माझी एक बाजू मोकळी झाली, दुसरी अजून मातीच्या भिंतीतच होती. शेजारी सातवाहनांच्या काळातल्या विटा पाहून शिवदास हरखले.

"दोन हजार वर्षांचा घडा!" म्हणत त्यांनी तशी चिठ्ठीच माझ्या गळ्यात बांधली.

मातीतून सुटतो न सुटतो तोच मी त्या खोट्या चिठ्ठीत अडकलो. माझं खरं वय मी सांगणार तरी कसं?

"साहेब, ह्याच्या भोवतीची माती भुसभुशीत हाय," बायजा म्हणाली. "बाजूची बघा, दगडावानी हाय. ह्याला कुणीतरी वरनं खड्डा खणून ठेवलाय."

"बाई, ती भिंत पाडा आणि घडा काढा."

"न्हाय पाडणार. भिंत गेली की मग काय बी कळायचं न्हाय."

"मग उद्यापासून कामावर येऊ नका!"

तिच्या एकटीच्या मजुरीवर घरची चूल पेटत होती. तरी तिने आपला पिण्याच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि भिंतीवर पाणी शिंपडलं. ओल्या मातीत रंग वेगवेगळे झाले. वरच्या थरातून एक काळपट रेघ निघून माझ्या बुडाखालून वळली होती आणि पलीकडून पुन्हा वर गेली होती. खड्डाच तो! रेघ जिथून सुरू होत होती, त्या थरात पोर्तुगिजांच्या वेळच्या, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या खापऱ्या होत्या. म्हणजे खड्डा त्याच काळात खणलेला होता.

शिवदासांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी माझ्या गळ्यातली चिठ्ठी फाडली.

"बायजाबाई, चुकलो मी. उद्या लवकर या. ही रेघ कागदावर उतरवायची आहे, तुम्ही जवळ हव्यात."

नव्या नोंदीत त्यांनी लिहिलं, 'घडा सुमारे तीनशे वर्षांचा. खड्डा बायजाबाईंनी ओळखला.'

आता मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात आहे. अंगावर धूळ साचते. एकदा बायजा आली होती. शिपायाने तिला ती नोंद वाचून दाखवली. काचेवर हात ठेवून ती म्हणाली, "हितंबी कोंडूनच हायस व्हय रं तू? पण तुझं खरं तरी लिवलंय."

मित्रांनो, विहीर खणताना, शेत नांगरताना माझ्यासारखं काही दिसलं, तर ते उपटून घरी नेऊ नका. जाणत्या माणसाला बोलवा. भोवतीची माती एकदा विस्कटली, की आम्ही कोण, कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या कोंडीतून आम्हाला बायजासुद्धा सोडवू शकत नाही.