बावीस कार्डं

ताईच्या त्या पत्राला भाऊंनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला सात वर्षं झाली. पत्र जेमतेम चार ओळींचं. 'आपला म्हातारा कुत्रा गेला. घर खायला उठतं. इंग्रजीतला तो डॉग शब्द आला कुठून रे? तुझ्या कोशात बघून कळव. जमलं तर येऊन जा.'

कोशाच्या कचेरीत शब्दांची कार्डं लिहिण्यात भाऊंची चाळीस वर्षं गेली होती. तिथला शिरस्ता असा, की शंकेचं पत्र आलं की ते त्या शब्दाच्या खणात ठेवायचं आणि मूळ सापडल्याशिवाय उत्तर धाडायचं नाही. भाऊंनी सख्ख्या बहिणीचं पत्रही 'डॉग'च्या खणात ठेवलं आणि मान खाली घालून कामाला लागले. कुत्र्याला जर्मनमध्ये हुंड, इंग्रजीतही पूर्वी तोच हुंड. मग हा डॉग कुठूनसा आला आणि त्याला हुसकून घरधनी होऊन बसला. फ्रेंचांनी नि जर्मनांनी दांडग्या कुत्र्यांसाठी तो इंग्रजांकडूनच उचलला. त्याच्या मागचं मात्र काही सापडेना. कुत्र्यासाठी स्पॅनिशमध्ये असलेल्या पेर्रो शब्दाचीही तीच गत. बघता बघता बावीस कार्डं झाली.

आज भाची कचेरीत आली. खुर्ची पुढं केली तरी उभीच राहिली.

"मामा, आई आता कुणाला ओळखत नाही. मलासुद्धा 'अहो बाई' म्हणते."

"तिचं एक पत्र आहे माझ्याकडे," भाऊ पुटपुटले. "उत्तर होतच आलंय."

"कुत्र्याचं ना? दोन वर्षं पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत जायची. मग तेही विसरली."

"मूळ सापडत नव्हतं गं."

"तिला कशाला हवंय मूळ! 'येऊन जा' एवढं साधं वाक्य. कोशवाल्याला कळू नये?"

भाऊ ओशाळून हसले. "आम्ही शब्दच बघतो. वाक्यं कुठं बघतो?"

भाचीला हसू आलं नाही. "आता ये, नाहीतर नको येऊ. तिला सारखंच," म्हणाली आणि गेली.

भाऊंनी खण उघडला. कार्डं बाजूला सारून कोरा कागद घेतला. जायची छाती नव्हती. ताईनं 'आपण कोण?' म्हणून विचारलं तर? मग लिहिलं, 'ताई, त्या शब्दाचं मूळ कुणालाच माहीत नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. माझं चुकलं.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं. तळाशी आपटल्याचा आवाज आला. पेटीत दुसरं काही नसावं.