लिफ्टच्या कार्डावरचं 'चेक्ड'

लिफ्ट पुन्हा मजल्याच्या चार बोटं खाली थांबली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या यजमानांची चाकांची खुर्ची मागे ओढली. परवा तिथेच चाक अडकून ते पडता पडता वाचले होते. तेव्हापासून त्यांनी बागेत जायचं नावच टाकलं होतं; आज बाईंनी कसंबसं राजी केलं होतं.

बाई तडक जिन्याने खाली उतरल्या. लिफ्टचा मेकॅनिक वॉचमनच्या टेबलाशी चहा पीत बसला होता. समोरच्या कार्डावर ब्रेक, दोर, दरवाजे अशा बारा ओळी होत्या आणि बाराही ओळींपुढे तो भराभर इंग्रजीत 'चेक्ड' लिहीत होता.

"अरे, तू वर कधी गेलास?"

"सगळं चेक केलंय, बाई. हे बघा, लिहिलंय ना!"

"लिहिलंयस. पाहिलंस का?"

तो ओशाळला. "दिवसाला आठ इमारती असतात, बाई. कार्ड भरलं की ऑफिस खूश. सगळेच करतात असं."

करतात खरे, खोटं कशाला बोला!

बाई चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.

"मीही केलंय. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. 'चेक' म्हणजे नीट बघून खात्री करणं, हे मुलांकडून घोकून घेतलं. आणि एकदा घाईत चाळीस वह्या न वाचताच 'चेक्ड' लिहून मोकळी झाले. एका पोराने निबंधात लिहिलं होतं, मला फळा दिसत नाही. तो नापास झाला, तेव्हा त्याच्या आईने वही पुढे केली. खाली माझी लाल सही! त्याला फक्त चष्मा हवा होता रे."

मेकॅनिकने चहा तसाच ठेवला. बाराही ओळी खोडल्या, हत्यारांची पिशवी उचलली आणि तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. दीड तासाने काळ्या हातांनी उतरला.

"बाई, ब्रेकचे पट्टे पार झिजलेत! आणखी महिना गेला असता तर... उद्या नवे बसवतो. तोवर लिफ्ट बंद."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्ट तळमजल्याच्या अगदी पातळीत थांबली. खुर्ची मेकॅनिकनेच ढकलली.

"कार्ड भरलंस का?" यजमानांनी मिश्कीलपणे विचारलं.

"भरतो, काका. आधी तुम्ही सुखरूप बाहेर पडा."

खुर्ची अलगद बाहेर पडली. बागेच्या दिशेने जाताना यजमान लहान मुलासारखे खुलले होते.

मंडळी, कुणी कार्डावर, कुणी फायलीवर, आपण सगळेच असं 'चेक्ड' लिहीत असतो. आपल्या त्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी निर्धास्त पाऊल टाकतं. तेव्हा आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मगच सही करा!