रूपाला कॅप्टन केलं तेव्हा

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मोहिनीच्या पार्लरमध्ये भुवया कमी आणि फुटबॉल जास्त चालला होता. जिल्ह्यातल्या मुलींच्या लीगचे सामने रविवारी सुरू होणार होते आणि गावातल्या अमरने त्या लीगवर मोबाइलवरचा खेळ काढला होता. सहा संघांतून आपल्या पसंतीच्या अकरा जणी निवडायच्या, एका संघातल्या जास्तीत जास्त तीन. मैदानावर त्या जे करतील त्याचे गुण आपल्याला. एकीला कॅप्टन करायचं, तिचे गुण दुप्पट. पैशाचा काही संबंध नव्हता, फक्त मान. तो मान गेली दोन वर्षं मोहिनीकडे होता. गुडघा जाईपर्यंत ती स्वतः समुद्रपूरची गोलकीपर होती.

"सांग ना व, कोणाले घेऊ?" खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या छायाने विचारलं.

"नाव पाहून घेऊ नको," दोरा दातात धरून मोहिनी म्हणाली. "पूर्ण वेळ कोण खेळते ते पाह्य. बाकावर बसलेली कितीबी भारी असली तरी तुले काय देणार? पेनल्टी, कॉर्नर कोण मारते तेबी पाह्य. अन् पह्यली मॅच कोणाशी आहे, ते पाहून डिफेंडर घेजो."

"अन् कॅप्टन?"

"रूपा."

छायाने डोळे उघडले. "काऊन? तुही सख्खी बहीण आहे ना टीममध्ये! मागच्या साली सगळ्यात जास्त गोल तिचे."

"हलू नको, भुवई वाकडी होईल."

बहीण म्हणजे नलू, समुद्रपूरची स्ट्रायकर. पावसाळ्यात तिचा घोटा मुरगळला होता. आता ती बरी होती, पण मोहिनी आठवडाभर संध्याकाळी सराव बघायला जात होती आणि प्रशिक्षक धनंजय सर नलूला दर वेळी राखीव मुलींमध्ये खेळवत होते. रूपा मात्र मधल्या फळीत सलग धावत असायची. ती गिरडकडच्या पाड्यावरून एसटीने यायची, घरच्यांशी फोनवर गोंडीत बोलत बोलत बूट चढवायची, आणि दोन्ही पायांनी सारखाच चेंडू मारायची. मोहिनीच्या हिशेबात शंका उरली नव्हती. तिने स्वतःच्या संघात नलूला घेतलंच नाही.

संध्याकाळी बबनरावांनी मोबाइलवर लेकीचा संघ पाहिला आणि चष्मा काढला.

"नलू कुठं आहे?"

"नाई घेतली, बाबा. सुरुवातीपासून नाई खेळणार ती."

"घरची पोरगी सोडून तू पवनारच्या पोरी घेऊन राह्यली?"

"बहीण माही आहेच. टीम वेगळी."

नलू ताटावर बसली होती. ती काही बोलली नाही, भाकरी संपवून उठली. त्या शांततेने मोहिनीला जरा टोचलं. पण संघ तिने बदलला नाही. बबनरावांनी मात्र आपल्या संघात नलूला घेतलं, वर कॅप्टनही केलं.

रविवारी पवनारविरुद्ध सामना सुरू झाला तेव्हा नलू खरोखरच बाकावर होती. मोहिनीने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहायची गरज नव्हती. मध्यंतराच्या जरा आधी समुद्रपूरला पेनल्टी मिळाली. रूपाने धाव घेतली, आणि चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

"घ्या तुमची कॅप्टन!" बबनराव म्हणाले.

"पुढची पेनल्टीबी तीच मारणार," मोहिनी म्हणाली. "अन् फ्री किकबी."

शेवटची वीस मिनिटं उरली तेव्हा सरांनी नलूला आत पाठवलं. पहिल्याच चेंडूवर तिने पवनारच्या दोघींना आपल्याकडे ओढून घेतलं आणि मोकळ्या झालेल्या रूपाला पास दिला. रूपाने डाव्या पायाने गोल केला. मोहिनी दुखऱ्या गुडघ्यावरच उडाली. थोड्या वेळाने रूपाने कॉर्नर घेतला, चेंडू उंच आला आणि नलूने डोक्याने आत घातला. आता बबनराव उडाले. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी मिठीच मारली.

सामना संपल्यावर अमरने गुण सांगितले. रूपाचा गोल, पास आणि पूर्ण वेळ खेळल्याचे गुण दुप्पट झाल्याने मोहिनी पहिली आली होती. नलूमुळे बबनराव दुसरे.

नलू घामाने निथळत आली, तशी मोहिनी पुढे झाली. "नले, रागावली का व? तू गोल करशील असं मले वाटलंच नवतं. तिथं चुकली मी."

"राग कायचा?" नलूने पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी डोक्यावर ओतली. "सरांनी मले शुक्रवारीच सांगितलं होतं, वीस मिनिटं म्हणून. मी तरी कुठं घेतलं मले? माही कॅप्टनबी रूपाच आहे."

"अन् मंग काल काऊन नाई बोलली?"

"बोलली असती तर तुम्ही सगळ्यांनी माही टीम पाहून आपली बनवली असती."

बबनराव दोघींकडे बघत राहिले. "म्हणजे नले, तुह्यावर भरोसा एकट्या बापालेच?"

"तुमचा भरोसा होता, बाबा. आमचा हिशोब होता," मोहिनी म्हणाली, आणि तिघंही हसले.

मोहिनीच्या फोनवर छायाचा मेसेज आला होता: पुढच्या आठवड्यासाठी कोण?

मोहिनीने नलूच्या घोट्याकडे पाहिलं. सूज नव्हती. "सरांना विचार, पुढची मॅच पूर्ण खेळवून राह्यले का तुले," ती म्हणाली.

"खेळवून राह्यले. आत्ताच बोलले."

मोहिनीने तिथेच उभ्या उभ्या पवनारची एक काढली आणि नलूला घेतलं. कॅप्टन मात्र रूपाच ठेवली.